चौथ्या मुलीचा क्रमांक

गुरुवार, १६ फेब्रुवारी २०२३

पहाटे साडेपाचला दहिवडीच्या स्टँडवर आम्ही पाचजणी उभ्या होतो. मी आणि शाळेच्या क्रॉसकंट्री संघातल्या माझ्या चार मुली. क्रॉसकंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळ, चढउतार, चिखल यांतून पळायची शर्यत. प्रत्येकीच्या सॅकमध्ये बूट, टॉवेल आणि घरून बांधून दिलेल्या चटणी-भाकरीचं गाठोडं. एकीच्या वडिलांनी आदल्या दिवशी मला विचारलं होतं, "बक्षीस किती हाय?" मी म्हटलं, बक्षीस नाही. स्पर्धासुद्धा धड नाही. नाशिकला माझी बी.पी.एड.ची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातली, मैत्रीण आहे, ती गिरणाऱ्याला मुलींना पळायला शिकवते. तिचा फोन आला होता: शनिवारी ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला जागतिक क्रॉसकंट्री आहे, ती सगळ्यांनी मिळून बघू, आणि रविवारी तुझ्या चार नि माझ्या चार पळवू. एवढ्यासाठी चार दिवस? हो, एवढ्यासाठी.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात धावण्याचं वेड नवीन नाही. ललिता बाबर मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती दहावी आली, तेव्हा या मुली प्राथमिक शाळेत होत्या. ते नाव ऐकतच त्या वाढल्या. पण ट्रॅकवरची शर्यत त्यांना टीव्हीमुळे कळते, क्रॉसकंट्री कुणी दाखवत नाही. जिल्ह्याला त्या पळाल्या, तरी या खेळाचं जगभर एवढं मोठं घराणं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फलटण सोडलं तेव्हा माझ्या शेजारी चौथी बसली होती. तिला इथे चौथीच म्हणते, कारण चौघींत तिचं टायमिंग शेवटचं. नववीत आहे, शाळेआधी शेळ्या सोडून येते. खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मॅडम, मी आकडा भरायला हाय ना?"

काचेवर धुकं साचलं होतं. मी त्यावर बोटानं आकडे लिहून दाखवले. जागतिक स्पर्धेत एका देशाचे सहाजण पळतात आणि त्यांतल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मोजतात. वेळ नाही, क्रमांक. पहिला आला तर एक, तिसावा आला तर तीस. चौघांची बेरीज करायची आणि ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी, तो देश जिंकला. म्हणजे तुमची एक मुलगी कितीही पुढे पळाली तरी तिचा एकच्या खाली आकडा होत नाही. चौथी मात्र दहावी येऊ शकते नाही तर चाळिसावी, आणि संघ तिथे तरतो किंवा बुडतो.

तिनं ते आकडे बराच वेळ पाहिले आणि मग बाहीनं पुसून टाकले.

स्वारगेटहून वाकडेवाडी, तिथून नाशिकची गाडी. पुढचे पाच तास नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, मोहदरीचा घाट. मुली पेंगत होत्या. जागी असायची तिला मी जुन्या गोष्टी सांगत होते. ही स्पर्धा १९०३ ला स्कॉटलंडमध्ये हॅमिल्टन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुरू झाली. देश चारच: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स. पहिला आला इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब, आणि पुढच्या वर्षीही तोच. १९०७ पासून फ्रान्सही येऊ लागला. १९७३ ला बेल्जियमच्या वारेगेमपासून ती जागतिक स्पर्धा झाली. २०११ पर्यंत दरवर्षी व्हायची, नंतर एक वर्षाआड. बाथर्स्टची २०२१ लाच व्हायची होती, पण करोनानं दोन वर्षं लांबली. मुलींना सगळ्यांत आवडली ती १८७६ ची गोष्ट. इंग्लंडच्या पहिल्या राष्ट्रीय क्रॉसकंट्रीत एपिंगच्या जंगलात झाडून सगळे धावपटू वाट चुकले आणि शर्यतच रद्द करावी लागली.

"सगळे?"

"सगळेच्या सगळे."

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मैत्रीण जीप घेऊन आली होती. गिरणाऱ्याला पोचेपर्यंत अंधार झाला. तिच्या सासूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि मुली ताटावरच झोपायच्या बेतात होत्या.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

पहाटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. थंडीत स्वेटर-कानटोप्या घातलेली माणसं फेऱ्या मारत होती, आणि त्यांच्यामधून भरतीची तयारी करणारी पोरं सपाटून पळत होती. मैत्रिणीच्या चारही मुली तिथे आल्या होत्या. दोघी सुरगाण्याच्या, एक पेठची, एक गिरणाऱ्याचीच. माझ्या मुली सुरुवातीला लांब उभ्या राहिल्या. एक किलोमीटर जोडीनं पळाल्यावर बोलायला लागल्या. सोबत दमलेल्या माणसाशी ओळख लवकर होते.

सुरगाण्याची मुलगी कविता राऊतबद्दल सांगत होती. 'कविताताई' म्हणते, जणू शेजारच्या घरातली. सावरपाड्याची, डोंगरातली मुलगी. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिनं सराव केला, तिच्या मागून आणखी कितीतरी मुली तिथे घडल्या. आम्ही त्या मैदानाच्या बाजूनं गेलो तेव्हा माझ्या मुलींनी जीपमधून माना बाहेर काढल्या. मला ते दृश्य आवडलं. देवळाचा कळस दिसला की बायका जशा हात जोडतात, तसं काहीसं.

मग पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या मैत्रिणीनं मुलींना चारदा चढायला लावल्या. वर गेल्यावर सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख दाखवला, शहर दाखवलं, आणि उतरताना पळू दिलं नाही. इथे तिचं आणि माझं थोडं वाजलं. मी म्हणत होते, उताराचा सराव हवाच. ती म्हणाली, दगडी पायऱ्यांवर नको, पिंढऱ्या जातात. उतार मातीचा हवा. तिचं बरोबर होतं. नंतर पायथ्याच्या मातीच्या उतारावर तिनं शिकवलं ते मी वहीत लिहून घेतलं: उतारावर टाच रोवून ब्रेक मारायचा नाही, पाऊल लहान करायचं आणि अंग किंचित पुढे सोडायचं. चढावर नजर माथ्याकडे नको, चार पावलं पुढच्या जमिनीवर हवी.

उतारावर माझी चौथी सगळ्यांच्या पुढे होती. शेळ्यांमागे उतरून तिचे पाय तयार झाले आहेत. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.

दुपारी मिसळ खाल्ली. रामकुंडावर हातपाय धुतले. त्यापलीकडे शहरात काही पाहिलं नाही, मुलींना मैत्रिणीच्या घरच्या द्राक्षबागेत जायची घाई होती.

शनिवार, १८ फेब्रुवारी

महाशिवरात्र. त्र्यंबकेश्वरला जायची मुलींची फार इच्छा होती, पण त्या गर्दीत दिवस गेला असता. भल्या पहाटे गंगापूर रोडच्या सोमेश्वराचं दर्शन घेतलं आणि परत आलो. रस्त्यात अनवाणी पायांनी त्र्यंबकच्या दिशेनं निघालेली माणसं दिसत होती.

गिरणाऱ्याच्या चौकात रोज सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली कुटुंबं जेवणाचे डबे घेऊन उभी असतात, बागायतदार येतात, मजुरी ठरते आणि माणसं गाडीत बसून जातात. मैत्रिणीची पेठची मुलगी तिथे क्षणभर थांबली. तिची आई त्याच गर्दीत होती. दोघींचं काहीतरी बोलणं झालं, आईनं तिच्या हातात राजगिऱ्याचे दोन लाडू दिले आणि ती पळत परत आली.

मैत्रिणीच्या सासऱ्यांची, बाबांची, तीन एकर द्राक्षबाग. अर्ध्या बागेची काढणी झालेली, अर्ध्या बागेत थॉमसन जातीचे घड लोंबत होते. बायका एका हातानं घडाचं देठ धरून दुसऱ्या हातातल्या छोट्या कात्रीनं कापत होत्या आणि क्रेटमध्ये कागदावर अलगद ठेवत होत्या. माझ्या एका मुलीनं घड हातात घ्यायला बोटं पुढे केली तसे बाबा ओरडले, "मण्याला हात नको लावू बाळा, देठाला धर." मण्यांवर पांढुरकी झाक असते, राखेची फुंकर मारल्यासारखी. बोट लागलं की तिथे चकचकीत हिरवा डाग पडतो. तेवढ्या डागावरून व्यापारी माल बाजूला काढतो. मग बाबांनी स्वतः एक घड कापून मुलींना दिला, उपवासाला चालतो म्हणून.

पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेट उलटे घालून आम्ही नऊ-दहाजणी बसलो. मध्ये खोक्यावर मोबाईल उभा केला. आपल्याकडे अजून सकाळ होती, बाथर्स्टला दुपार कलायला आली होती. तिकडे उन्हाळा, ऊन रणरणतं. माऊंट पॅनोरमा हा खरं तर मोटारशर्यतींचा डोंगर. त्यावर त्यांनी दोन किलोमीटरची फेरी आखली होती: गवत, चढ, मुद्दाम केलेला चिखल, वाळूचा पट्टा. आणि पडद्यावर धावपटू द्राक्षांच्या ओळींमधून पळायला लागले तेव्हा शेडमध्ये एकच गलका झाला.

"बाग! मॅडम, बागेतनं पळत्यात!"

कात्री हातात घेऊन दोन बायका बघायला आल्या. बाबाही आले. बराच वेळ चष्मा सारखा करत पाहिलं आणि विचारलं, "एवढी माणसं बागेत घातली, तर मुळ्या तुडवल्या जात नाहीत का?" मुली पळणाऱ्यांकडे बघत होत्या, बाबा वेलींकडे.

वीस वर्षांखालच्या मुलींची सहा किलोमीटर इथिओपियाची सेनायेत गेताचूनं जिंकली. मोठ्या बायकांची दहा किलोमीटर मात्र मी विसरणार नाही. २०१७ च्या आधी बायकांना पुरुषांपेक्षा कमी अंतर असायचं, आता दोघांना सारखंच. इथिओपियाची लेतेसेनबेत गिदे आणि केनियाची बिअॅट्रिस चेबेट शेवटपर्यंत भिडलेल्या. गिदे पुढे होती. शेवटची रेषा समोर दिसत होती. अगदी थोड्या अंतरावर चेबेट तिच्या बाजूनं निघाली आणि गिदेचे पाय एकदम गेले. ती पडली. चेबेट जिंकली. गिदेला उठवायला बाहेरून कुणीतरी धावलं, ती रेषेपार गेलीसुद्धा, पण मदत घेतली म्हणून तिला बाद ठरवलं.

शेडमध्ये कुणी बोललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पडलेल्या माणसाला हात दिला तर यात चूक कुणाची, तिची काय चूक, हा कसला नियम. मी सांगितलं, नियम कडक आहे पण बरोबर आहे. तिथल्या प्रत्येकीला त्याच उन्हात एकटीनंच पोचायचं असतं. १९२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री होती. इतकं ऊन होतं की ३८ जण सुटले आणि १५ पोचले. पावो नुर्मी जिंकला, पण त्यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकार कायमचा गेला. माझं म्हणणं सुरगाण्याच्या मुलीला पटलं नाही. तिनं मान हलवली आणि लाडू मोडून खाल्ला.

चौथीनं वेगळंच विचारलं. "मॅडम, केनियाची चौथी कोण?"

मला सांगता आलं नाही. कॅमेरा सगळा वेळ पुढच्यांवर होता. पदकं दाखवली, घामाघूम चेहरे दाखवले, संघ जिंकला तो ज्या चौथ्या बाईमुळे, तिचा चेहरा काही दिसला नाही. १९८६ ते २००३ अशी सलग अठरा वर्षं केनियाच्या पुरुषांनी सांघिक विजेतेपद घेतलं. जॉन नुगी आणि पॉल टेरगाट यांची नावं जगाला पाठ आहेत. पण त्या अठरा वर्षांत बेरीज जुळवणारे शेवटचे धावपटू कोण होते? मलाही नावं येत नाहीत, आणि ही गोष्ट मला त्या क्षणी खरोखर लागली. वीस वर्षं मी हा खेळ शिकवते आहे.

पुरुषांची शर्यत युगांडाच्या जेकब किप्लिमोनं घेतली, दुसरा इथिओपियाचा बेरिहू अरेगावी, तिसरा जोशुआ चेप्टेगेई. चेप्टेगेई दिसला तसा मी मुलींना थांबवून सांगितलं, हा माणूस २०१७ ला स्वतःच्या देशात, कंपालात, सगळ्यांच्या पुढे एकटा पळत होता. घरचे लोक ओरडत होते. शेवटच्या फेरीत त्याचं अंग संपलं, पाय वाकडे पडायला लागले आणि तो तिसावा आला. दोन वर्षांनी डेन्मार्कमध्ये आर्हूसला वस्तुसंग्रहालयाच्या गवताळ उतरत्या छपरावरून शर्यत नेली होती, तिथे तो जिंकला.

"छपरावरून?"

"छपरावरून."

संध्याकाळी उपवासाची भगर आणि दाण्याची आमटी खाऊन मुलींनी स्वतःच फेरी आखली. मी आणि मैत्रीण फक्त पन्नास मीटरची टेप धरून मागे. काढणी झालेल्या बागेतल्या दोन ओळी, मग बांध, नाल्याची उतरण, पलीकडे गायरानातली टेकडी आणि परत. एक किलोमीटर. चार फेऱ्या करायच्या. बाथर्स्टला चिखल होता म्हणून बांधाजवळ पाणी सोडायचं ठरलं. बाबा तयार झाले, नाहीतरी त्या तुकड्याला पाणी द्यायचंच होतं म्हणाले.

रविवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. गावात पहाटेपासून हलगी वाजत होती, भगवे झेंडे लावलेल्या मोटारसायकली मशाली घेऊन चालल्या होत्या. आमच्या मुलींनी बागेच्या कोपऱ्यातून महाराजांचा जयघोष केला आणि रेषेवर उभ्या राहिल्या.

त्याआधी चौथी माझ्याकडे आली होती. "अनवाणी पळू का?" मी नको म्हटलं. काढणीनंतर बागेत तारांचे तुकडे पडलेले असतात, बाभळीचे काटे असतात. माझं कारण खोटं नव्हतं.

पहिली फेरी आठही जणी एकत्र. दुसऱ्या फेरीपासून काळ्या मातीनं आपलं काम सुरू केलं. ती माती बुटाला चिकटते, सुटत नाही, आणि प्रत्येक पावलाला तिच्यावर आणखी थर चढतो. नाशिकच्या मुलींना ती सवयीची. त्या बांधापलीकडे गेल्या की पळता पळता बुटाची कड गवतावर घासत आणि मोकळ्या होत. माझ्या मुलींना हे ठाऊक नव्हतं, आमच्याकडे मुरूम आणि खडक. चौथीच्या दोन्ही पायांत पावशेर पावशेर माती होती. टेकडीच्या उतारावर ती पुढच्या मुलीला, त्या पेठच्या मुलीला, गाठायची. बागेच्या ओळीत शिरली की पुन्हा मागे पडायची. चारही फेऱ्या हेच. शेवटच्या उतारावर ती तिच्या खांद्याला खांदा लावून होती. मग बांध आला, चिखल आला, ओळ आली. सहा-सात पावलांनी मागे राहिली.

आमची पहिली मुलगी पहिली आली होती, आम्ही सगळ्या तिच्या भोवती नाचत होतो. मैत्रिणीनं क्रेटच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले. आमचे एक, चार, सहा, आठ: एकोणीस. त्यांचे दोन, तीन, पाच, सात: सतरा. त्या जिंकल्या.

चौथी पुठ्ठा घेऊन बांधावर बसली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "मी सातवी आले असते तर?"

मी सांगितलं. आमचे अठरा, त्यांचेही अठरा. बरोबरी झाली की शेवटच्या मोजलेल्या धावपटूंत जो पुढे, त्याचा संघ जिंकतो, असाच जागतिक नियम आहे. तू सातवी, ती आठवी. म्हणजे आपण जिंकलो असतो.

ती रडली नाही. मला मात्र भरून आलं, कारण अनवाणी पळू न देण्याचा निर्णय माझा होता. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "काटा लागला असता तर?" आणि गप्प झाली. पेठची मुलगी तिच्याजवळ येऊन बसली. दोघी मिळून काडीनं बुटांची माती काढत होत्या. बूट गवतावर कसा घासायचा ते ती हिला दाखवत होती, पाय तिरका करून, पुन्हा पुन्हा.

बाबांनी प्रत्येकीला दोन दोन किलो द्राक्षं कागदात बांधून दिली. अकराच्या गाडीनं निघालो. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं. तिघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. चौथीनं द्राक्षांचं पुडकं मांडीवर उघडं ठेवलं होतं, मण्यांना बोट न लावता, देठाला धरून. आळेफाट्याच्या पुढे तिनं विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी त्या पोरी आपल्याकडं येणार ना?"

"बोलवू."

"मग फेरी मोहीच्या माळावर आखायची. तिथं माती नाय, नुसता खडक हाय." तिनं पुडकं मिटलं. "उतार लांब ठेवा."